लिहून देणार

आमच्या वसई धर्मप्रांतात मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी, ख्रिस्तप्रसाद (वेदीवरची पवित्र भाकर) घेण्याच्या थोडे आधी, शांतीचे अभिवादन होते. इतर अनेक देशांत लोक त्या क्षणी हात मिळवतात; भारतीय धर्मसभेला रोमने १९६९ साली उपासनेतले जे बारा बदल मान्य करून दिले त्यांत हात जोडून हे अभिवादन करण्याची मुभा होती, त्यामुळे आम्ही शेजारच्याकडे आणि मागच्याकडे वळून नमस्कार करतो आणि पुन्हा वेदीकडे तोंड करतो. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. माझी धाकटी बहीण आमच्याच धर्मग्रामात, दोन आळ्या पलीकडे दिलेली आहे, आणि नऊ वर्षे मला त्या अर्ध्या मिनिटाची धास्ती वाटत असे. बहुतेक रविवारी आमची बाके दूर असत. कधी चुकून समोरासमोर आलोच, तर ती हात जोडत असे आणि माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे पाहत असे. मीही हात जोडत असे. विधी पुरा होत असे.

बोलणे तुटण्याचे कारण जमीन होते, हे वसईत वेगळे सांगावे लागत नाही. आमची वाडी बत्तीस गुंठ्यांची: केळी, नारळ, एका कोपऱ्यात पानवेल आणि मधोमध विहीर. आई आधीच गेली होती. वडील गेले तेव्हा मागे आम्ही दोघेच भावंडे उरलो. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांच्या वाट्यांत फरक नाही, म्हणजे अर्धी वाडी तिची होती. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती स्त्रियांना हा समान वाटा मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्याकडे तशी वेळच येत नाही. कायदा मुळातच बहिणीच्या बाजूने आहे हे ठाऊक असल्यामुळे आम्ही कायद्याच्या वाटेला जात नाही. आम्ही सही घेतो.

मीही घेतली. बहीण तेव्हा एका इस्पितळात परिचारिका होती आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दुय्यम निबंधक कार्यालयात आली होती. वारसनोंदीसाठी एक कागद करावा लागतो, असे मी तिला सांगितले होते. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, मजकूर वाचला का, समजला का. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि ती ‘हो’ म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला आणि एसटीच्या थांब्यापर्यंत सोडले. मुद्रांकाला दोनशे रुपये लागले होते.

त्या काळी मी स्वतःला लबाड समजत नव्हतो, हे नोंदवले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावाचून कळणार नाही. माझ्याकडे कारणांची रास होती. वडिलांचे शेवटचे दुखणे मी काढले होते, तिच्या लग्नात घरातले सोने गेले होते, वाडीत राबत मी होतो, आणि आळीतल्या प्रत्येक घरात हेच झाले होते. यांतले एकही कारण खोटे नव्हते. चार वर्षांनी तिच्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्जाचा विषय निघाला तेव्हा तिने सातबारा काढून पाहिला आणि त्याच रात्री मला फोन केला. ‘दादा, माझं नाव कुठं गेलं?’ (आम्ही घरी कादोडी बोलतो, संभाषणे येथे प्रमाण मराठीत लिहीत असल्यामुळे ती आहेत त्यापेक्षा जरा सभ्य वाटतील.) मी म्हणालो, ‘सही तूच केलीस ना?’ तिने फोन ठेवला. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही.

मधल्या काळात मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. दर नाताळला माझी पत्नी फराळाचा डबा पाठवत असे, आणि तो माझ्याच सांगण्यावरून. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसले तर निदान चमचाभर साखर घालतात. बहिणीकडून आमचा डबा स्वच्छ धुऊन, पुसून, कोरडा आणि रिकामा येत असे. तिच्या मुलाच्या दृढीकरण संस्काराला मी सोन्याची साखळी पाठवली, ती त्याच पेटीत परत आली. मला याचा राग येई. बायबलमधला याकोब पूर्वी फसवलेल्या भावाला, एसावला, भेटायला निघतो तेव्हा आधी जनावरांचे कळप पुढे धाडतो. शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे असा तो आकडा पिल्ले सोडून साडेपाचशे होतो. मी ही कथा लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या कळपांमागे माणूस लपलेला असतो हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. एसाव ज्याला धावत येऊन मिठी मारतो तो याकोब कळपांच्या मागून पुढे आलेला, सात वेळा जमिनीपर्यंत लवलेला आणि आदल्या रात्रीच्या झुंजीने लंगडणारा आहे. माझे कळप सारखे जात होते आणि मी घरी बसलेला होतो.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर बारा जणांचे पाय धुतात. मग एका वर्षी त्या बारा जणांत माझे नाव आले. मी पॅरिश कौन्सिलवर होतो, त्यामुळे त्यात नवल नव्हते. संध्याकाळच्या विधीआधी मी घरच्या मोरीत बसून वजरीने टाचा घासल्या, नखे कापली, साबणाने दोनदा पाय धुतले आणि धुतलेले मोजे घालून चर्चमध्ये गेलो. सगळेच असे करतात. लोकांसमोर भेगाळलेला पाय कोण पुढे करील? फादर गुडघ्यावर बसले, त्यांनी माझ्या उजव्या पायावर तांब्याने पाणी ओतले, टॉवेलने टिपले आणि ते पुढच्या माणसाकडे सरकले. तेवढ्यात माझी नजर समोर गेली आणि तिसऱ्या बाकावर बहीण दिसली. ती माझ्या पायाकडे पाहत होती. रागाने पाहत होती असे म्हणता येणार नाही. इस्पितळात एखादी जखम भरली आहे की नुसती वरून मिटली आहे हे परिचारिका ज्या नजरेने पाहते, तसे काहीसे ते पाहणे होते. धुण्यासारखे काहीही शिल्लक राहू नये अशी काळजी घेऊन मी पाय धुवायला आणला होता, हे मला मोजा पुन्हा चढवताना कळले.

ईस्टरच्या आधीचे माझे पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, त्या आठवड्यात होऊन गेले होते, आणि नेहमीप्रमाणे त्यात राग, आळस आणि चुकलेल्या मिस्सा एवढेच होते. ईस्टरनंतरच्या बुधवारी मी पुन्हा फादरांकडे गेलो आणि प्रथमच हक्कसोडपत्राचे सांगितले. सांगतानाही मी आधी वडिलांच्या आजारपणापासून सुरुवात केली. फादर वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘वाडी आज कोणाच्या नावावर आहे?’ मी उत्तर दिले. ते म्हणाले, पापाची क्षमा देवाकडून होते, पण त्या पापाने जे मोडले ते आपोआप सांधले जात नाही. घेतलेली वस्तू परत करणे हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. मग त्यांनी जक्कयाची आठवण दिली. जकातदार जक्कय येशूपुढे उभा राहिला तेव्हा तो नुसते चुकलो म्हणाला नाही, त्याने हिशेब सांगितला: अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. आज या घराला तारण प्राप्त झाले आहे, हे येशूचे शब्द त्या हिशेबानंतर येतात. हा क्रम मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

मी घरी येऊन मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला तो भाग वाचला, जिथे येशू सांगतो की दान घेऊन वेदीशी आला असशील आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. मी हे वचन नेहमी उलटे ऐकत आलो होतो: माझ्या मनात कोणाविरुद्ध राग असेल तर तो काढून टाकावा. माझ्या मनात बहिणीविरुद्ध तसे काही उरलेही नव्हते, आणि त्याच बळावर मी स्वतःला मोठ्या मनाचा समजत होतो. वचन तिच्या मनाविषयी आहे. तिची तक्रार रास्त आहे की नाही हे आधी तपासून घे, अशी सवलतही त्यात नाही. त्या रविवारपासून मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभा राहिलो नाही. फादरांनी तसे सांगितले नव्हते, मीच ठरवले. कौन्सिलवरचा माणूस बाकावर बसून राहतो आणि शेजारचे लोक गुडघे बाजूला घेत त्याच्यासमोरून पुढे सरकतात, हे पहिल्या दोन रविवारी फार अवघड गेले. त्यातही थोडा दिखावा होता का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

पहिल्यांदा बहिणीच्या घरी गेलो ती भेट फुकट गेली. ओट्यावर बसून मी म्हणालो की झाले ते झाले, दोघांचेही काही ना काही चुकले, आईबाबांच्या आत्म्यांना काय वाटत असेल. तिने चहा दिला. माझा कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, ‘मला ड्युटीवर जायचं आहे.’ घरी आल्यावर पत्नीने सगळे विचारून घेतले आणि म्हणाली, ‘तुम्ही तिची माफी मागायला गेला होतात की तिला माफ करायला?’ मी चिडलो. ती तिच्या कामाला लागली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जाताना वाटेत मनाशी वाक्ये जुळवली आणि त्यांतून वडिलांचे आजारपण, सोने, आळीचा रिवाज हे एकेक काढून टाकत गेलो. चर्चच्या वळणापाशी पोहोचेपर्यंत तीनच वाक्ये उरली. बहीण मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होती. साले एका ताटलीत, डाळिंब्या दुसरीत. मी उभ्यानेच बोललो. ‘तो कागद वारसनोंदीचा नव्हता. मला ते माहीत होतं. तुला माहीत नाही, हेही मला माहीत होतं.’ तिचे हात थांबले नाहीत, फक्त एक डाळिंबी सालांच्या ताटलीत पडली आणि ती तिने उचलून पुन्हा जागेवर ठेवली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘हे तू त्या रात्री फोनवर म्हणाला असतास ना, तर मी जमीन मागितलीही नसती.’ मला वाटले विषय संपला. तिने पुढचा वाल उचलला. ‘आता मागते.’ माझे मेहुणे दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, आत निघून गेले.

खरी परीक्षा त्यानंतर माझ्याच घरात झाली, आणि तिथे मी काही फार शोभलो नाही. मुलगा म्हणाला की आजच्या वसई-विरारच्या भावाने अर्धी वाडी म्हणजे किती पैसे होतात ते तरी पाहा. मी त्याला दरडावले, पण रात्री स्वतः गुणाकार करत पडलो. पत्नी मात्र वेगळ्याच कारणाने गप्प होती. तीन-चार दिवसांनी ती म्हणाली, ‘मीसुद्धा माझ्या भावांना सही दिलेली आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी. तुम्ही बरोबर होतात.’ मला ते खरोखर आठवत नव्हते. ती म्हणाली की तिला काही मागायचे नाही, तिचे भाऊ गरीब आहेत. पण तिच्याविषयी इतक्या वर्षांत कोणाच्या मनात हा प्रश्न आला नाही, माझ्याही नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. बहिणीशी समेट करण्याच्या नादात मी त्या आठवड्यात पत्नीशी दुप्पट गोड बोलू लागलो होतो. तिने तेही ओळखले आणि मला थांबवले.

वकिलांनी सांगितले की जुना कागद नुसता फाडून चालणार नाही. सरळ मार्ग म्हणजे वाडीतल्या अर्ध्या अविभक्त हिश्श्याचे बहिणीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र. मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. बहिणीला दिली तर ती सवलत नाही, बाजारमूल्यावर शेकड्याने भरावे लागते. तिच्याकडून घेताना दोनशे रुपये लागले होते. परत करताना लागणारी रक्कम पाहून मी वकिलांना विचारले की मूल्यांकन थोडे कमी करता येईल का, आणि विचारल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली. मुदत ठेव मोडली.

मसुदा घेऊन मी बहिणीकडे गेलो. तिने चष्मा लावला, पहिले पान वाचले आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘बक्षीस? माझंच मला बक्षीस?’ मी समजावू लागलो की हा कायद्याचा शब्द आहे, नोंदणी त्याच नावाने होते, त्याला आपला इलाज नाही. ती म्हणाली, ‘शब्द कायद्याचा असेल. पण पुढं माझ्या मुलांनी हा कागद काढला तर त्यांना काय दिसेल? मामानं आईला दान दिलं.’ ती बोलत होती ते बरोबर होते. नऊ वर्षे डबे आणि साखळी पाठवणारा मी, शेवटचा कागदही देणाऱ्याच्याच हाताने लिहून आणला होता.

वकिलांना मी पुन्हा भेटलो आणि प्रस्तावनेत मजकूर घालायला सांगितला. त्यांना तो पसंत नव्हता. स्वतःविरुद्ध एवढे कोणी लिहीत नाही, असे ते म्हणाले, आणि वकील म्हणून त्यांचे म्हणणे योग्यच होते. शेवटी जो मजकूर ठरला तो असा (दस्ताच्या भाषेत लिहून देणार म्हणजे मी, लिहून घेणार म्हणजे बहीण): लिहून घेणार या लिहून देणार यांच्या सख्ख्या भगिनी असून सदर मिळकतीत वडिलांच्या पश्चात त्यांचा निम्मा हिस्सा होता, पूर्वीचे हक्कसोडपत्र करतेवेळी लिहून देणार यांनी त्याचे खरे स्वरूप लिहून घेणार यांना सांगितले नव्हते, सबब सदर हिस्सा ज्यांचा त्यांना परत मिळावा या हेतूने हा दस्त लिहून देत आहे. हे वाक्य टंकलिखित झालेले पाहिले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पापनिवेदन बंद जागेत होते आणि धर्मगुरू ते कोणाला सांगत नाही. नोंदवलेला दस्त मात्र दप्तरात राहतो, आणि माझ्या नातवाने उद्या नक्कल काढली तर त्याला आजोबाने काय केले ते वाचता येईल. बहिणीने तो परिच्छेद दोनदा वाचला. ‘वकिलानं लिहिलं की तू?’ मी म्हणालो, ‘मराठी त्यांचं आहे.’ ती किंचित हसली, की मला तसे वाटले, कोण जाणे.

नोंदणीच्या दिवशी आमचा क्रमांक यायला तीन तास लागले. एकाच बाकावर बसून आम्ही बोललो ते फार तर दहा वाक्ये: तिचा रक्तदाब, माझा गुडघा, या वर्षी केळीवर पडलेला रोग. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने कॅमेऱ्यात पाहायला सांगितले, अंगठे घेतले आणि नंतर प्रश्न आला, मजकूर वाचला का, समजला का. या वेळी तिने माझ्याकडे पाहिले नाही. ‘वाचला,’ ती म्हणाली. तेरा वर्षांपूर्वीचा रसवाला बाहेर नव्हता. तिथे आता झेरॉक्सचे दुकान आहे. मी तिला रिक्षात बसवू लागलो तर ती म्हणाली की तिला बाजारात जायचे आहे, ती चालत जाईल.

पुढच्या रविवारी मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभा राहिलो. कोणी काही विचारले नाही. सगळे पूर्ववत झाले असे मात्र मला लिहिता येणार नाही. त्या नाताळला ती आमच्याकडे आली नाही. मेहुणे अजूनही माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, आणि त्यांना बोलायला लावणे हे माझे काम आहे असे मला वाटत नाही. याकोब आणि एसाव यांच्या कथेचा शेवटही मी पुन्हा वाचला. मिठी मारून, रडून झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ; याकोब म्हणतो, लेकरे आणि जनावरे नाजूक आहेत, तू पुढे हो, मी मागून येतो. एसाव सेईरला परततो आणि याकोब सुक्कोथला जाऊन घर बांधतो. पुढे दोघे बापाला मूठमाती द्यायला एकत्र येतात. हा भाग मला पूर्वी याकोबाचा खोटेपणा वाटत असे. आता तसा वाटत नाही. झालेल्या समेटालाही अंतर लागत असावे.

फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर दोन्ही नावे आली, त्याला आता सव्वा वर्ष झाले. पंधरवड्यापूर्वी सकाळी सातला बहिणीचा फोन आला. मी घाबरून उचलला. विहिरीवरच्या मोटरच्या विजेच्या बिलाचा अर्धा वाटा मी तिच्याकडे मागितला होता. तिचे म्हणणे असे की त्याच मीटरवरून माझ्या पडवीतला दिवा आणि पाण्याच्या टाकीचा पंपही चालतो, मग तिने निम्मे का भरावे? ‘दादा, तुला हिशेब कधी जमलाच नाही,’ ती म्हणाली आणि आवाज चढवून पुढेही बरेच काही म्हणाली. मी जाऊन मीटर पाहिले. तिचे बरोबर होते. दुपारी वायरमनला बोलावून पडवीची लाइन वेगळी करून घेतली.